कॉरिडॉरमधलं कपाट

रोज सकाळी खोलीतून निघाले की ऑपरेटरकाका भिंतीच्या कडेकडेने येत आणि कॉरिडॉरमधल्या लोखंडी कपाटावर टकटक करत. "हॅलो, जेवणघर जोडून द्या," असं त्याला सांगून डावीकडे वळत. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. डोळे जन्मापासून नव्हते. दिव्यांगांच्या त्या निवासात कुणाचा हात न धरता चहापर्यंत पोचायचं, एवढा एकच तोरा त्यांनी जपला होता.

मग सरकारी तपासणी ठरली. व्यवस्थापिकाबाईंनी कंबर कसली. औषधांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या, आग लागल्यास बाहेर पडायची तालीम घेतली, आणि जाण्यायेण्याची वाट मोकळी हवी म्हणून कपाट हलवलं. दुसऱ्या सकाळी काका चालत चालत थेट बाईंच्या ऑफिसात शिरले आणि हक्काने म्हणाले, "साखर कमी."

"काका, हे ऑफिस आहे."

काकांचे कान तापले. "माझं कपाट कुणी नेलं?"

"नियमच आहे तसा. उद्यापासून मावशी तुम्हाला हात धरून नेतील."

"मी काय बालवाडीत आहे?"

तेव्हापासून चहा खोलीत येऊ लागला. तपासनिसांसमोर बाईंचे वाभाडे कसे काढायचे, याची काका पडल्या पडल्या जुळवाजुळव करत.

एका दुपारी दारात चाकं करकरली. "काय हो, रुसवा गेला का?" शेवटच्या खोलीतल्या आक्का होत्या, व्हीलचेअरवर.

"तुम्ही इकडून कशा?"

"सरळ आले. इतकी वर्षं तुमच्या त्या कपाटापाशी माझी खुर्ची अडायची. जेवायला अंगणातून वळसा घालून यायचे, भर पावसातसुद्धा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही त्याच्याशी इतकं गोड बोलायचात! मी कशाला मध्ये पडू?"

तपासनिसांसाठी तयार केलेली सगळी वाक्यं काकांनी मनातल्या मनात पुसून टाकली.

संध्याकाळी ते बाईंकडे गेले. मावशीचा हात धरून. "कपाट राहू दे तिकडेच. भिंतीला आधाराचा दांडा आहे ना, त्यावर वळणापाशी सुताराकडून लाकडाची एक गुंडी बसवून घ्या. हाताला कळेल, खुर्चीला आडवी येणार नाही."

"आधी तुम्हाला विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

"मला विचारलं असतंत तर कपाट हललंच नसतं."

पहिल्या दिवशी गुंडी हुकली आणि काका न्हाणीघरापाशी निघाले. आक्का मनसोक्त हसल्या. हळूहळू हात बसला.

तपासणीच्या दिवशी तपासनिसांनी टेप लावून वाटेची रुंदी मोजली, मान डोलावली आणि काकांपुढे कोपर केलं. "चला, मी सोडतो."

"तुम्ही नवीन आहात. माझ्या मागून या."

दांड्यावरून हात सरकत गेला, गुंडीशी थबकला. काका वळले. तेवढ्यात मागून व्हीलचेअर काकांच्या टाचेला लागली.

"आक्का, तुम्ही व्हा बघू पुढे," ते म्हणाले, "माझी चप्पल निघतेय."