शब्बाथच्या दिवशी आलेली परीक्षा
मलकापूरला रेल्वेच्या नोकरीतली आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, तीनच घरं होती. वडील मालधक्क्यावर कारकून. त्यांची बहीण, माझी आत्या, नवरा वारल्यावर मुंबईहून आमच्याकडे आली आणि महिन्याभरात तिनं ओसरीवर शाळा मांडली. सकाळी हिब्रू अक्षरं आणि प्रार्थना. दुपारी मराठी, गणित, भूगोल. आम्ही पाच मुलं. दुपारी शेजारच्या शेतकऱ्याची मुलगीही येऊ लागली. शनिवारी आमचा शब्बाथ, त्या दिवशी काम नाही, लिहिणंही नाही, म्हणून सुट्टी; रविवारी शाळा.

सरकारी शाळेत वरच्या वर्गात जायचं तर शाळाखात्याच्या डिप्टीसाहेबांचा दाखला लागे. आत्यानं तीनदा अर्ज केला. शेवटी एका शुक्रवारी निरोप आला: धामणगाव बढ्याहून परतताना साहेब उद्या सकाळी परीक्षा घेतील.

वडील धास्तावले. एक दिवस पोरांनी पाटीवर लिहिलं तर काय बिघडणार आहे, असं म्हणू लागले. आत्या शब्बाथच्या दिव्याची वात वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग बाकीचे सहा दिवस मी यांना काय शिकवते?"

साहेब आल्यावर तिनं शांतपणे सांगितलं, की आज ही मुलं लिहिणार नाहीत, तोंडी हवं तेवढं विचारा. लेखीशिवाय दाखला देता येत नाही, म्हणून साहेब उठायला लागले. तेव्हा परीक्षेसाठी आलेली शेजारची ती मुलगी पाटी घेऊन पुढं झाली.

"मले मनाई नाही, सायब. हे सांगतीन, मी लिवतो."

साहेब पुन्हा बसले. पावकी, त्रैराशिक, वऱ्हाडातल्या नद्या. मोठे आम्ही तिघं उत्तरं देत गेलो, ती लिहीत गेली. आत्याची नजर माझ्यावर होती. चुकायची सोय नव्हती.

तासाभरानं साहेब म्हणाले, "तोंडी उत्तम आहे. पण अक्षर यांचं नाही. सोमवारी सरकारी शाळेत लेखी द्या."

"येऊ," आत्या म्हणाली.

रविवारभर तिनं आमच्याकडून शुद्धलेखन गिरवून घेतलं. सोमवारी बाकीचे दोघे आणि शेजारची मुलगी पास झाले. शुद्धलेखनात मी एकटी अडकले. घरी येऊन खूप रडले. आत्यानं समजूत घातली नाही. माझ्यापुढं पाटी ठेवली आणि स्वतः चौथा अर्ज लिहायला बसली.

तीन महिन्यांनी मी पास झाले.