मोशीचा चढ, चिंचेचं झाड आन फुटका सायलेन्सर

वहिनीला चिंचवडला माहेरी सोडून यायचं, हे आप्पांनी परस्पर ठरवलं. आप्पा म्हंजे माझे चुलते. वहिनीला कुणी विचारलं न्हाई, तिच्या नवऱ्याला, म्हंजे माझ्या दादाला बी न्हाई. कारण काय, तर मोटारीनं मोशीच्या पुलाजवळ गेलं की वहिनीला भोवळ येती, उलटी होती. तिथं चिंचेचं झाड हाय. त्या झाडाचं तिला लागिर झालंय, असं भगत सांगून बसला. बरी झाली की आणू, आप्पा म्हणाले, आन तिला गाठोडं बांधायला लावलं. सगळी लुगडी बांधायला लावली. त्याच्यावरनं मी समजले, परत आणायचं न्हाईच.

सोबतीला बाईमाणूस पायजे म्हणून मला घेतलं. मी पाचवीतनं शाळा सोडलेली, तोंडातनं शब्द न काढणारी. म्हणून सोयीची.

मोटार आमची जुनी, इंग्रजाच्या येळची, बारकी. कांद्याच्या गोण्या टाकायला दादानं मागचा पत्रा कापून वर उघडणारं दार लावून घेतलंय. ते नीट लागत न्हाई, सुतळीनं बांधावं लागतंय. पुढं बाप्ये बसत्यात, दादा चालवायला आन आप्पा शेजारी, काचा खाली करून, वारं खात. मागं आमी, गोण्यांसंगं. त्यात वहिनीला बाहेरचं वारं लागू नये म्हणून आप्पांनी मागच्या खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं. वर लिंबू टांगलेलं.

तुमच्यापैकी कुणी आमच्या चाकणहून पिंपरीला मोटारीनं जाणार असंल तर सकाळी उन्हाच्या आत निघा. कुरुळीपतूर रस्ता बरा हाय, पुढं खड्डे. बैलगाड्या बाजूला होत न्हाईत, भोंगा वाजवून उपेग न्हाई. नदीचा पूल अरुंद हाय, आन पुलाच्या दोनी अंगांना चढ.

मोशीच्या अंगाचा चढ लागला, मोटार घुरघुरायला लागली आन वहिनीनं माझ्या मांडीवर डोकं टाकलं. पुढनं आप्पांनी मागं न बघताच झाडाकडं लिंबू फेकलं. माझं डोकं बी ठणकत होतं. पयल्यांदा न्हाई, दर खेपेला ठणकतंय. पर ते मी कधी बोलले न्हाई. बोलले असते तर मला बी भगतापुढं बसवलं असतं, आन मंग माझं लगीन कोण जमवणार? म्हणून गप. वहिनीचं गाठोडं माझ्या गप बसण्यानं बी बांधलं गेलं. आप्पांचा राग येतो तेवढाच मला माझा बी येतो.

भोसरीला चहा प्यालो. चहा बरा, एक आणा. भजी घेऊ नका, तेल लई जुनं. तिथनं निघालो आन खाली खडखडाट झाला. सायलेन्सर, म्हंजे धूर मागं नेणारं नळकांडं, मधनं तुटून रस्त्यावर घासत होतं. दादानं तारेनं बांधलं आन तसंच पिंपरीत स्टेशनाजवळ मिस्त्री उस्मानचाचांच्या शेडात मोटार घातली. आप्पांनी वहिनीलाच ऐकवलं, हिच्या पायगुणानं झालं म्हणून.

चाचा मोटारीखाली गेले. थोड्या येळानं आतनंच म्हणाले, "भाऊ, ही नळी न्हाई, चाळण हाय." दादा हसला. चाचा बाहेर आले, मागचं दार वरखाली करून बघितलं, गोणपाटाला हात लावला.

"मागं कोण बसतं?"

"बाया बसत्यात," आप्पा म्हणाले.

"त्यांचं डोकं दुखतं का?"

आप्पा म्हणाले, हिला लागिर हाय, तुमी तुमचं काम करा. चाचांनी दादाकडं बघितलं. दादा जमिनीकडं. वहिनी गाठोड्यावर बसलेली, तोंडाला पदर लावून. तवा माझ्या तोंडातनं निघालं, "चाचा, माझं बी दुखतं. दर खेपेला."

आप्पांनी माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. पुढचं चाचाच बोलले. "धूर मागच्या दारातनं आत शिरतो. चढाला जास्त. वर तुमी खिडक्या बंद केल्या. ह्यानं माणूस मरतं, भाऊ."

नवा नळ बसवायला तीन तास गेले. जुने नट गंजून एकजीव झालेले. आगीनं तापवले, तरी न्हाईत, मंग छिन्नीनं तोडले. खडकीच्या लष्करी भंगारातला सायलेन्सर चाचांकडं होता, जरा लांब, तो कापून मापात आणला. सांध्यात चकती घातली, खालनं पट्टीनं आन टायरच्या तुकड्यानं टांगला. सगळं मिळून तीस रुपये पडले, ते दादानं दिले. तंवर एका सिंधी बाईकडनं डाळ आन कडक पुऱ्या घेतल्या. वहिनीनं चार खाल्ल्या. पिंपरीला गेलात तर जरूर खा.

शेवटी चाचांनी मोटार चालू करून नळाच्या तोंडात चिंधी कोंबली आन सांध्यांना कान लावला. कुठनं हवा निसटते का बघत होते. कुठनंच न्हाई. धुराला वाटच न मिळाल्यानं मोटार गुदमरून बंद पडली. "आता बरोबर," चाचा म्हणाले.

आप्पा म्हणाले, चला चिंचवडला. दादानं गोणपाट उपटून शेडात टाकलं आन मोटार परत घराच्या वाटेला, मोशीकडं वळवली. आप्पा रस्ताभर बोलत राह्यले. पुलापलीकडचा चढ लागला. वहिनीनं माझा हात धरला, लई घट्ट. मोटार वर चढली. वारं नुसतं आत येत होतं.

"झाड गेलं का?" वहिनीनं विचारलं.

"कवाच," मी म्हणले.

ती रडली. मला रडू आलं न्हाई, राग आला. दोन वर्सं ती बाई धूर खात होती आन आमी लिंबू फेकत होतो.

घरी गाठोडं सुटलं, लुगडी परत दांडीवर गेली. पर चार दिवसांनी बघते तर आप्पा ओट्यावर लोकांना सांगत होते, शेवटचं लिंबू लागू पडलं म्हणून. मी चहा घेऊन गेलेले. फुटका नळ मी चाचांकडनं मागून आणलेला, तो तिथंच भिंतीला टेकवलेला.

"आप्पा," मी म्हणले, "मंग हा जुना नळ परत लावू. खिडक्यांना गोणपाट लावू. मोशीपतूर तुमी मागं बसा, लिंबू हातात घेऊन."

आप्पांनी चहा तसाच ठेवला आन उठून गेले. आता बाजाराला जाताना वहिनी पुढं बसती.