मागून आणलेलं घर

लग्नानंतर सातव्या महिन्यात नवनाथ घराबाहेर पडला. निमगाव सावाच्या त्या दोन खोल्यांत आईबाप, थोरला भाऊ संपत, वहिनी, त्यांची तीन पोरं. जागा उरली नव्हती, बोलणंही उरलं नव्हतं. "तुमचा दाणाबी नको," तो बापाला म्हणाला आणि अमृताला घेऊन निघाला.

नारायणगावाजवळ त्याने पत्र्याची खोली घेतली. टोमॅटोचा हंगाम होता तोवर क्रेट उचलले. हंगाम संपला. अमृताला पाचवा महिना लागला, आणि दोघांनी न ठरवताच दुपारचं जेवण सुटलं.

आशा एकच होती. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागलं तर पिवळं कार्ड, स्वस्त धान्य. घरात काय काय आहे ते लिहून न्यायला शाळेचे गुरुजी कधीही येणार होते; टीव्ही-पंखा दिसला की नाव गळायचं.

त्याआधी निरोप आला, आई येतेय. नवनाथने शेजारच्या मेहबूबभाईंकडून दिवसापुरता टीव्ही आणला, पंखा आणला, लोखंडी खाट आणली.

"कपाट राहिलं की राव," मेहबूबभाई हसले.

नवनाथ हसला नाही.

घरातल्या शेवटच्या पिठाच्या दोन भाकरी त्याच्या आईने, द्रौपदाबाईने, खाल्ल्या. मग ती खाटेवर टीव्ही बघत बसली, आणि नेमके गुरुजी दारात उभे राहिले. हातात फॉर्म.

"टीव्ही?"



"हाय की! दिसत न्हाई व्हय गुरुजी?" आईच बोलली. "पंखाबी लिवा. समदं माझ्या पोराचं हाय."

"तुझंच ना रे?" गुरुजींनी नवनाथला विचारलं.

अमृता चुलीपासून त्याच्याकडे बघत होती. आईही बघत होती. त्याने मान डोलावली. गुरुजींनी लिहिलं.

आई उठली. येताना आणलेलं बाजरीच्या पिठाचं गाठोडं तिने सोडलंच नव्हतं. "संपतचं काम सुटलंय. पोरं लई उपाशी ऱ्हात्यात. तुला काय कमी हाय? ह्ये माघारी न्हेते."

"जड हाय. मी घेतो," नवनाथ म्हणाला.

एसटीच्या थांब्यापर्यंत ते गाठोडं त्याच्याच खांद्यावर होतं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला गुरुजी. त्यांनाही तीच गाडी होती. सगळं मागून आणलंय हे गुरुजींना सांगावं तर आईला ऐकू जाणार होतं. गाडी आली. त्याने गाठोडं आईच्या पायाशी ठेवलं.

"सूनबाईला दूध देत जा," आई खिडकीतून म्हणाली. तिचा चेहरा इतका निवांत त्याने कधी पाहिला नव्हता.

तो परतला तेव्हा अमृताने विचारलं, "खरं काय ते बोल्लात?"

"न्हाई."

पीठ माघारी येईल म्हणून भाकरीसाठी ठेवलेलं आधण तिने खाली उतरवलं आणि चुलीतली लाकडं ओढून घेतली.