हसऱ्या बाईचा फोटो

माझ्या बोनारिया आत्याला आमच्या मोर्गोंजोरी गावात कुणी हसताना फारसं पाहिलं नव्हतं. पण लोरिगित्तास, म्हणजे आमच्याकडची पास्त्याची कडी, वळावीत तर तिनंच. रव्याच्या कणकेची दोऱ्याएवढी वळी करायची, तीन बोटांभोवती तिचे दोन वेढे घ्यायची, टोकं चिमटून जोडायची आणि चिमटीत पीळ देत जायची. वेणी घातलेली कानातली बाळीच जणू! मग त्या बाळ्या टोपलीत वाळत पडायच्या.

वाळल्या की सगळा माल ओरिस्तानो शहरात, सिल्वेरियोच्या खानावळीत जायचा. बोटांचे सांधे सुजले तरी आत्यानं कधी खाडा केला नाही.

एका रविवारी मी तिला तिथं जेवायला नेलं. आत शिरतो तर भिंतभर फोटो. पांढऱ्या केसांची एक गोड, हसरी म्हातारी, मांडीवर टोपली. खाली लिहिलेलं, 'आमच्या आजीच्या हातची'.

"ही कोण भवानी?" आत्यानं विचारलं.

सिल्वेरियो ओशाळला. "जाहिरातवाल्यांनी आणली, मावशी. तुमचाच लावणार होतो, पण तुम्ही जरा... रागीट दिसता. गिऱ्हाईक बिचकतं."

"मान मोडेस्तोवर मी वळायचं आणि वर दातही काढायचे?" भरल्या खानावळीत आत्या कडाडली. "हिलाच बोलाव की! वळेल हसत हसत!"

न जेवताच आम्ही निघालो.

पुढच्या आठवड्यात सिल्वेरियो गावात आला. आत्यानं दार उघडलं नाही. मग तो आमच्याकडे आला, आणि माझ्या आईनं ते काम घेतलं.

आत्या तरातरा आमच्या स्वयंपाकघरात आली.

"वन्सं, फोटो कुणाचा का असेना," आई म्हणाली, "आपल्या अंगाला भोकं पडतात का?"

"काम घेतलंस त्याचं काही नाही, वहिनी. पण त्या परक्या बयेला आपली आजी म्हणून कबूल केलंस तू!"

त्यानंतर त्यांचं बोलणं बंद. सर्व संतांच्या सणाला मी आत्याकडे लोरिगित्तासची ताटली घेऊन गेले.

"तुझ्या आईनं वळलीत?"

"हो."

"ने परत."

ताटली तशीच घेऊन घरी आले. आई शेजारी गेली होती आणि फोन वाजत होता. पलीकडे सिल्वेरियो. सणाची गर्दी आहे, आणखी माल हवा, म्हणत होता.

"मिळणार नाही," मी म्हटलं, आणि फोन आदळला.