चक्कीचं बटण

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या अंबरनाथच्या चर्चच्या मंडळीचा वर्धापनदिन होता, तेव्हा मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, तुम्ही जुने ऑर्गनवाले, दोन शब्द सांगा. मी सांगितले. ऑर्गन कुठून आला, स्पीकर कोणी बनवला, कोणत्या नाताळला ऐन गाण्यात वीज गेली. माझ्या आधी त्या बाकावर माझ्या वहिनी बसायच्या, हेही सांगितलं. पुढे म्हणालो, "वयोमानाने त्यांचा ताल गेला, मग ही सेवा माझ्याकडे आली." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ते वाक्य खोटं आहे. वहिनींचा ताल कधीच गेला नव्हता. मंडळीत अजून कोणी चुकीच्या जागी टाळी वाजवली की जुनी माणसं हसून म्हणतात, "बाईंसारखं झालं." म्हणून लिहायला बसलो आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ कारखान्यात होता, लवकर वारला. वहिनी मुलीला घेऊन आमच्याच चाळीत, भिंतीपलीकडच्या खोलीत राहिल्या. शिवणकाम करायच्या. संध्याकाळी मुलांना पेटी शिकवायच्या. मुलं आमच्या मंडळीतली असत, तशी शेजारच्या बौद्ध घरांतलीही असत, जयंतीच्या गाण्यांना पेटी धरायला शिकणारी. बाकी दिवस त्या कोणाच्या तरी विधवा होत्या, कोणाच्या तरी शिवणवाल्या होत्या. रविवारी मात्र त्या "पेटीच्या बाई" होत्या. त्यांनी पहिला सूर दिल्याशिवाय पाळकसाहेबही तोंड उघडत नसत.

मलाही त्यांनीच शिकवलं. लग्न होऊन आल्या तेव्हा मी मोठा झालेलो होतो, तरी शिकवलं. मी घाई करायचो. त्या म्हणायच्या, "भावजी, शब्द पळून जात नाही. त्याला येऊ द्या." चर्चमध्ये तेव्हा जुनी पायपेटी होती. पायांनी भाता हाणायचा आणि हातांनी वाजवायचं. वहिनी चपला बाकाखाली सारून अनवाणी वाजवायच्या. मी पानं उलटायचो. त्या मान हलवायच्या तेव्हा पान उलटायचं, असं बरीच वर्षं चाललं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबईतल्या एका मोठ्या चर्चने आम्हाला त्यांचा जुना विजेचा ऑर्गन दिला. एकावर एक स्वरांच्या दोन पट्ट्या, खाली पायांची पट्टी. वहिनींचा हात आठवड्याभरात त्याच्यावर बसला. मला ते आवडलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्याच सुमारास आमचा एक नातेवाईक, जहाजावर नोकरी करणारा, काही कॅसेट घेऊन आला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली गाणी होती. त्यात ऑर्गन होता, पण आमच्यासारखा नव्हता. कडव्यात तो नुसता श्वास घेतल्यासारखा हलायचा, आणि गाणं वर चढलं की त्याला एकदम कापरं भरायचं. उपदेशक बोलत असला तर त्याच्या वाक्यामागून ऑर्गन हुंकार द्यायचा. मी ती कॅसेट इतकी ऐकली की फीत झिजली. नातेवाईक म्हणाला, "ती ऑर्गनची करामत नाही रे. स्पीकरची आहे. कपाटात स्पीकर गोल फिरतो."

असा स्पीकर विकत मिळणं आमच्यासाठी शक्य नव्हतं. पण उल्हासनगर जवळ होतं, आणि उल्हासनगरात बनत नाही असं काही नव्हतं. कॅम्प एकमध्ये एक सिंधी गृहस्थ बँडवाल्यांसाठी अँप्लिफायर बनवायचे. त्यांना कॅसेट ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली, मग विचारलं, "साईं, ये भगवान का गाना है ना?"

"हो. चर्चचं."

"फिर बनाना पडेगा. लेकिन बिगडा तो भगवान को मत बोलना, मेरे को बोलना."

त्यांनी ते बनवलं. माणसाच्या छातीइतकं उंच लाकडी कपाट, बाजूंना झडपा. वरच्या कप्प्यात फिरणारा भोंगा. खालच्या कप्प्यात मोठ्या स्पीकरसमोर फिरणारं लाकडी पिंप. शिलाई मशीनच्या मोटरी आणि पट्टे. ऑर्गनच्या डाव्या बाजूला एक बटण बसवलं, पंख्याच्या बटणासारखंच. खाली असलं की हळू, वर केलं की जोरात. टेम्पोत चढवताना हमाल म्हणाला, "काय आहे यात, पिठाची चक्की?" तेव्हापासून मंडळीत त्याला चक्कीच म्हणू लागले.

टेम्पो सुटायच्या आधी त्या सिंधी गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. वालधुनी नदीचा वास येत होता, त्यांनी नाकाला रुमाल लावला होता. म्हणाले, "साईं, एक बात सुनो. ये पंखा नहीं है कि बटन दबाया और हवा आयी. भारी चीज है. उपर का भोंगा जल्दी उठेगा, नीचे का ढोल आराम से उठेगा. जहाँ आवाज काँपना मंगता, उसके पहले बटन मारने का. शब्द से पहले. उतारने का भी पहले. वो जो बाई बजाती है ना, उसको भी बोल देना."

मी म्हणालो, बोलतो.

मी आधी स्वतः करून पाहिलं. कामावरची पहिली पाळी संपली की दुपारी चर्चमध्ये जायचो, चावी माझ्याकडे असायची. ओळीचा शेवटचा शब्द "शांती" असेल, तर तीन-चार शब्द आधी बटण वर करायचं. चक्की आत घरघरत वेग घ्यायची, आणि "शांती" येईपर्यंत आवाज बरोबर थरथरायला लागायचा. मग शब्द संपायच्या आधीच बटण खाली. थरथर हळूहळू विझायची. ते विझणंच सगळ्यात चांगलं असतं. हात काही वेगळं करत नाहीत. सगळं आधी ठरवण्यात आहे.

एके दिवशी वहिनी आल्या. दारातून ऐकत असाव्यात. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "भावजी, अंगावर काटा आला हो. कसं करता ते? मला दाखवा."

मी बाकावरून उठलो. त्या बसल्या. मी म्हणालो, "सोपं आहे वहिनी. शब्द आला की बटण वर करायचं."

असं का म्हणालो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ठरवून आलो नव्हतो. त्या बाकावर बसल्या, त्यांनी शिवलेली उशी तिथे होतीच, आणि मी पुन्हा पानं उलटायला उभा राहिलो. एवढंच झालं.

त्यांनी शब्द आला की बटण वर केलं. अगदी शब्दावर. दुसरं कोणी असतं तर घाईत आधी दाबून गेलं असतं, आणि ते बरोबर ठरलं असतं. वहिनी घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांचा ताल इतका पक्का होता की प्रत्येक वेळी चक्की उशिरा चढायची. शब्द संपायचा, लोक श्वास घ्यायचे, आणि त्या शांततेत ऑर्गन थरथरायला लागायचा.

दोन-तीनदा करून त्या थांबल्या. "मागे राहतंय हो."

"हात मागे राहतोय, वहिनी. सवय होईल."

हे दुसरं वाक्य. पहिल्यापेक्षा हे वाईट आहे. पहिलं तोंडातून गेलं होतं. हे मी विचार करून बोललो.

त्यांनी सवय करायला सुरुवात केली. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. ओट्यावर भाकरी थापता थापता त्या शब्द म्हणायच्या आणि डाव्या हाताने ओट्यावर थाप मारायच्या. थाप शब्दावर बरोबर पडायची. मी जेवत असायचो. माझी बायको म्हणाली, "वहिनींचं काय चाललंय?" मी म्हणालो, "तालीम."

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चक्कीचं समर्पण झालं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, वहिनींनी वाजवलं. पहिल्या गाण्यात कडव्याच्या शेवटी सगळे गप्प झाल्यावर चक्की थरथरली. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या गाण्यात वहिनींनी हात पुढे काढायचा प्रयत्न केला. मी सांगितलं होतं ना, हात मागे राहतोय. म्हणून त्या गाणंच पुढे पळवू लागल्या. इतक्या वर्षांत कधी पळवलं नव्हतं. मंडळी मागे पडली, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. पाळकसाहेबांनी हाताने ताल द्यायला सुरुवात केली. वहिनींनी ते पाहिलं.

बाहेर चहाला एक वडीलधारे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "काय बाई, वरात गेली आणि मग बँड आला!" सगळे हसले. वहिनीही हसल्या. मीही हसलो.

ईस्टरलाही तसंच झालं. त्यानंतरच्या सोमवारी पाळकसाहेब चाळीत आले. खुर्चीवर बसून बराच वेळ मुलीच्या शाळेबद्दल बोलले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही फार सेवा केली. हे नवं यंत्र आहे. थोडे दिवस भावजींना बसू द्या."

वहिनी म्हणाल्या, "थोडे दिवस कशाला? त्यांना येतं. माझ्या हाताला ताल राहिला नाही, साहेब."

मी तिथेच दाराशी उभा होतो. तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली, जशी वहिनी पान उलटताना हलवायच्या.

पुढच्या रविवारी मी बाकावर बसलो. उशी तिथेच होती. त्यांनी ती नेली नव्हती, उलट नवी खोळ चढवून ठेवली होती. मी वाजवलं. "शांती"ला चक्की बरोबर थरथरली आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसू लागल्या. वहिनी मागे, दाराजवळ बसल्या होत्या. नंतर म्हणाल्या, "छान झालं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता.

मग त्यांनी मुलांना शिकवणं बंद केलं. हे मला कोणी सांगितलं नाही, संध्याकाळी भिंतीपलीकडे पेटी वाजेना म्हणून कळलं. शेजारची एक बाई मुलाला घेऊन आली होती. दारातच उभी राहून म्हणत होती, "अहो बाई, जयंती तोंडावर आली. आता याला कोण शिकवणार?"

"ज्याला ताल आहे त्याच्याकडे पाठवा," वहिनी म्हणाल्या.

"तुमच्याइतका ताल चाळीत कोणाला आहे?"

"होता हो. गेला." आणि दार लावलं.

माझं नाव झालं. संजीवन सभांना, म्हणजे उपदेशाच्या मोठ्या मेळाव्यांना, बोलावणी येऊ लागली. कल्याण, बदलापूर, कुठे कुठे. टेम्पोत चक्की चढवायची आणि जायचं. उपदेशक बोलताना मी हळू ठेवायचो आणि त्याचा आवाज चढायच्या आधी बटण वर करायचो. लोक रडायचे. मला काही वाटायचं नाही. मी पुढचा शब्द मोजत असायचो.

नव्वदच्या दशकात वहिनींच्या मुलीचं लग्न झालं आणि जावयाने बदलापूरला, सोनिवलीच्या बाजूला घर घेतलं. वहिनी तिकडे राहायला गेल्या. पेटी त्यांनी चाळीतच कोणाला तरी देऊन टाकली.

मी एकदाच तिथे सांगायचं म्हणून गेलो. वाटेत शब्द जुळवत गेलो. वहिनी ओटीवर बसून वाल सोलत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या भावजी. केस गेले की तुमचे. चक्कीच्या वाऱ्याने उडाले वाटतं." मुलगी हसली आणि चहा टाकायला आत गेली. आम्ही दोघंच होतो.

"चालते का हो चक्की?" त्यांनी विचारलं.

"चालते."

त्या सोलता सोलता म्हणाल्या, "तुम्हाला बरोबर जमायचं. मी शब्दाची वाट बघत बसायचे. कधी कळलंच नाही मला, कुठे चुकत होते." त्यांनी वाल सोलायचे थांबवून वर पाहिलं. खरंच विचारत होत्या. अजून जाणून घ्यायचं होतं त्यांना.

मी म्हणालो, "पट्टा बदललाय नुकताच."

"हो का," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाल सोलू लागल्या.

चहा आला. मी प्यालो. अंधार पडायच्या आत परत आलो.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर त्या वारल्या. त्यांना अंबरनाथलाच आणलं, आमच्या मंडळीत. जावई माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, आईंना तुमचं वाजवणं फार आवडायचं. तुम्हीच वाजवा." मी बाकावर बसलो. उशी जुनी झाली होती, एका कोपऱ्यातून कापूस बाहेर आला होता. शवपेटी समोर होती. मी चक्की बंद ठेवायचं ठरवलं होतं. कोणीतरी आधीच सुरू करून ठेवली होती, आत हळू घरघर चालली होती.

शेवटच्या कडव्याला माझा डावा हात आपोआप उठला. शब्दाच्या आधी. बटण वर गेलं. "शांती"वर आवाज बरोबर थरथरला, शब्द संपायच्या आधी हात खाली आला, आणि थरथर हळूहळू विझली. कुठेही चूक झाली नाही. सगळे रडत होते. माझे डोळे कोरडे होते.

लोक पुढे होऊन शेवटचं पाहून जात होते. माझी पाळी आली तेव्हा मी शवपेटीपाशी उभा राहिलो. ओठ हलवले, आवाज काढला नाही. मागे रांग होती, मी सरकलो. सोनिवलीच्या वाटेवर जुळवलेलं वाक्य तेव्हाही तसंच होतं, आजही तसंच आहे. वहिनी, चूक तुमची नव्हती, बटण शब्दाच्या आधी दाबायचं असतं, मला माहीत होतं, तुम्हाला सांग असं मला सांगितलंही होतं, मला माफ करा.