एक साथ नमस्ते

आमच्या कंपनीत मालापेक्षा किस्से जास्त तयार होतात, असं आमचे स्टोअरचे शिंदे काका म्हणतात. डब्याच्या टेबलावर एक निघाला की दुसरा मागोमाग हजर! मी परचेसला आहे, नाशकात अंबडच्या एमआयडीसीत. इलेक्ट्रिक पॅनेल बनवतो आम्ही. येवल्याच्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडले तेव्हा वाटलं, सुटले बाबा! कसलं काय. नोकरीला लागल्यावर कळलं की शाळा सुटलेलीच नाही, फक्त आता युनिफॉर्म कंपनी देते.

आता ऐकाच.

*

आमच्या हेडमास्तरांचं, म्हणजे प्लांट हेड साहेबांचं आडनाव पगार. मूळचे कळवणकडचे, पण हे नंतर कळलं; ते इंग्रजीशिवाय बोलतच नसत, त्यामुळे कुठल्या गावचे हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

ते जॉइन झाले त्या आठवड्यात गेटवर वॉचमनही नवाच होता. साहेबांची गाडी दिसली तशी त्याने रिसेप्शनला फोन केला, "पगार आला!" रिसेप्शनने अकाउंट्सला सांगितलं, अकाउंट्सने शॉप फ्लोअरला. महिना संपायला अजून आठवडा होता, तरी सगळे मोबाईल काढून बँकेचा मेसेज शोधायला लागले.

तेवढ्यात साहेब दारातून आत. काका शांतपणे म्हणाले, "आला रे, पण खात्यात नाय. गेटवर."

*

सोमवारची मीटिंग. कॉन्फरन्स रूममध्ये आधी भरतात त्या शेवटच्या खुर्च्या, अगदी नववी ब सारख्या. काका तर भिंतीला टेकता येईल अशी खुर्ची मिळावी म्हणून सकाळीच तिथे रुमाल टाकून येतात, एसटीत टाकतात तसा.

हे साहेबांच्या लक्षात आलं. एका सोमवारी ते आले आणि सरळ मागच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. "टुडे आय विल स्पीक फ्रॉम हिअर." झालं! काका बसल्या जागी पहिल्या बाकावर. बिचारे तासभर ताठ बसले, एक डुलकी नाही.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा कळलं, मीटिंगमध्ये काय बोलतात."

"काय बोलतात?"

"काहीच नाय."

*

मॉनिटर पण आहे. एचआरची पल्लवी. उशिरा येणाऱ्यांची नावं ती रोज ग्रुपवर टाकते. शाळेत बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचे, परत बोललं की नावापुढे फुली, तसं ती परत उशीर झाला की नावापुढे स्टार देते. आमच्या काकांनी पाच स्टार मिळाल्यावर सुनेला फोन करून सांगितलं की कंपनीने माझा गौरव केलाय.

*

आणि कट्टी! प्रॉडक्शनचे कुलकर्णी आणि मेंटेनन्सचे पठाणभाई, दोघांचं एका मशीनवरून वाजलं आणि बोलणं बंद. पण डबा खायला बसणार शेजारी शेजारीच, आणि मध्ये निरोप्या म्हणून मी.

"मॅडम, मेंटेनन्सला सांगा, मशीन अजून बंद आहे."

"मॅडम, प्रॉडक्शनला सांगा, आधी नीट चालवायला शिका."

दोघं मला मधोमध धरून असे आठवडाभर भांडले. मग एका दुपारी पठाणभाईंच्या घरून खिमा आला. वास असा सुटला की विचारू नका! कुलकर्णी बराच वेळ स्वतःच्या दोडक्याकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "मॅडम, मेंटेनन्सला विचारा, जास्त तिखट आहे का?"

पठाणभाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डबा सरळ त्यांच्यापुढे सरकवला. मशीन त्याच दुपारी चालू झालं.

*

आता सुनंदाचं सांगते.

सुनंदा सुरगाण्याची. आश्रमशाळेत शिकली, नाशकात डिप्लोमा केला आणि आमच्याकडे ट्रेनी म्हणून लागली. आमच्याकडे ट्रेनीने वर्ष संपताना सगळ्यांपुढे प्रेझेंटेशन द्यायचं असतं. जमलं तर कायम, नाहीतर राम राम.

तिची पहिली मीटिंग. साहेब आत आले तशी ही ताडकन उभी राहिली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एक साथ नमस्ते!"

एकटीच.

अख्खी रूम हसली. साहेब लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, "सिट डाऊन, प्लीज." शाळेत हसणाऱ्यांना बाई निदान बाकावर उभं तरी करायच्या. इथे तेवढीही सोय नाही, आणि शाळेत नि कंपनीत काही फरक असेल तर तो हाच. मला फार राग आला. त्या दिवसापासून पोरगी मीटिंगमध्ये तोंड उघडेना.

प्रेझेंटेशनच्या आदल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. "ताई, मला नाय जमायचं. उभी राह्यले का ते हसणंच ऐकू येतं."

"अगं, मग पुढे काय करणार?"

"घरचे परत बोलावतील. मंग लग्न."

मी रोज कँटीनमध्ये तिची तयारी करून घेतली. माझ्या एकटीपुढे ती फडाफड बोलायची. काका बाजूच्या टेबलावर चहा पीत ऐकत असायचे.

तो दिवस आला. साहेब पहिल्या रांगेत, पेन काढून बसलेले. सुनंदा स्क्रीनजवळ उभी राहिली. पहिली स्लाइड आली आणि हिचा आवाजच निघेना.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "शॅल वी स्टार्ट?"

"सर..." म्हणाली, आणि पुढचं वाक्य स्क्रीनवर शोधायला लागली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून काकांचा आवाज आला. अगदी वर्गाच्या मॉनिटरसारखा.

"एक साथ!"

पुढे काय झालं ते कोणी ठरवून केलं नाही. खुर्च्या एकदम करकरल्या, रूमभर माणसं उभी राहिली, हात जोडले गेले आणि एका सुरात आवाज निघाला, "न... मस्... ते बाई!"

त्यातला सगळ्यात मोठा आवाज पहिल्या रांगेतून आला. पगार साहेब! हात जोडलेले, मान थोडी तिरकी, आणि सूर अस्सल झेडपीच्या शाळेतला.

बसायचं की उभं राहायचं, कोणालाच कळेना. सुनंदाने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. ओढणी खांद्यावर नीट केली.

"बसा," ती म्हणाली.

आम्ही बसलो. साहेबही बसले. आणि पोरगी जी बोलायला लागली, ती शेवटच्या स्लाइडपर्यंत कुठे अडली नाही. मध्ये पल्लवी शेजारणीशी कुजबुजली तर तिच्याकडे बघून थांबली, पल्लवी गप्प झाली, मगच पुढे.

शेवटी साहेबांनी विचारलं, "एनी क्वेश्चन्स?"

सगळे वह्या मिटायला लागले.

"मला आहे एक," सुनंदा म्हणाली. "सर, मी कायम कधी होणार?"

साहेब उत्तर द्यायला उभे राहिले. हाताची घडी घातली.

"एक तारखेपासून, बाई."