उगवतीचा मॉनिटर, मावळतीचा मॉनिटर

दीड महिना झाला. शहागंजातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर मी जेमतेम अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. भानुदासचं नाव. कशासाठी असणार ते ठाऊक होतं, म्हणून पलीकडचं ऐकूनही न घेता म्हणालो, "येतो रे बाबा, या रविवारी नक्की येतो. डोकं खाऊ नको." पण आवाज आला तो सुमनवहिनींचा, "भाऊजी, ते गेले. पहाटं छातीत दुखतंय म्हणले. दवाखान्यापर्यंत बी नाय पोचले." त्याच्या फोनवर मी शेवटचं हे बोललो, आणि ते त्याच्या बायकोला ऐकावं लागलं. याची लाज अजून जात नाही.

भानुदास मेंढरं राखणाऱ्या घरातला. लहानपणी बापामागं माळावर हिंडला, पुढं नकाशे काढायला शिकला आणि पडेगावात घरीच कॉम्प्युटर टाकून बसला. पाऊस रुसला होता तीच ही वर्षं. चारा-पाणी नाही म्हणून त्याच्या बापानं राहिलेली मेंढरं विकली, आणि त्याच सुमाराला दौलताबाद रोडनं शहर असं काही सुटलं की प्लॉट आखून द्यायला भानुदासला दिवस पुरेना. ज्या माळावर मेंढरं चारली, त्याच माळाचे तुकडे तो खुर्चीत बसून पाडत होता. वाईट नाही वाटत का, असं मी एकदा विचारलं. "वाटतंय की. पण दुसऱ्यानं आखलं तर विहीर बी रस्त्याखाली घालंल," म्हणाला. म्हणूनच त्याला तीन मॉनिटर हवे होते. एकावर विहिरी दाखवणारा गावाचा जुना नकाशा, एकावर उपग्रहाचा फोटो, आणि मधल्यावर नवी आखणी. तिन्ही एकदम डोळ्यांसमोर असल्याशिवाय तो एक रेघ ओढायचा नाही.

ते तीन मॉनिटर मी जमवून दिले. तिन्ही जुने, तिन्ही वेगळ्या मापाचे. एकेक गोधडीत गुंडाळून, स्कूटरवर पायांमध्ये धरून नेला. तिसऱ्याची वायर लावायला मशीनला जागा नव्हती, तर वेगळं कार्ड बसवलं. बुटक्याखाली दोन विटा दिल्या, तेव्हा कुठं तिघांच्या कडा एका रेषेत आल्या. भानुदासनं लगेच त्यांची नावं ठेवली. उजवा तो उगवतीचा, डावा तो मावळतीचा. त्याच्या घरात डावं-उजवं कुणी बोलायचंच नाही. ताटातली चटणीसुद्धा उगवतीकडं सरकवायची! मी हसलो की म्हणायचा, "उस्ताद, डावं-उजवं माणसाच्या अंगाला असतं. माणूस फिरला की ते बी फिरतं. जागा कुठं फिरती व्हय?"

मग एक उन्हाळा असा आला की टँकर चार-चार दिवस फिरकेना. भानुदासनं घरातच मोठी टाकी आणून ठेवली, आणि ती नेमकी टेबलाच्या जागी. टेबल गेलं समोरच्या भिंतीला. आता तोंड उत्तरेऐवजी दक्षिणेला आलं, म्हणजे उगवत डाव्या हाताला. दुसऱ्या कुणी मॉनिटर होते तसेच राहू दिले असते. या पठ्ठ्यानं त्यांची अदलाबदल केली, उगवतीचा उगवतीकडंच राहिला पाहिजे म्हणून. पण कॉम्प्युटरला हे कोण सांगणार? त्याच्या लेखी उगवतीचा अजून उजवाच. माऊस डावीकडं न्यावा तर बाण उजव्या मॉनिटरवर निघायचा, आणि उजवीकडं न्यावा तर डाव्या.

सेटिंगमध्ये जाऊन दोन चौकटी इकडच्या तिकडं ओढायच्या, दोन मिनिटांचं काम. पण भानुदास सेटिंगला हात लावायचा नाही, एकदा लावला होता तर सगळा अंधार झाला होता. आणि मी हट्टाला पेटलो. म्हटलं, आधी मॉनिटर जागच्या जागी ठेव, मग बघतो. तो म्हणे, जागच्या जागीच आहेत. झालं! दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, "उस्ताद, माऊसचं तेवढं बघून जा." मी छावणी भागातल्या माझ्या खोलीतून स्कूटर काढायचो, तिथं पिठलं-भाकरी खायची, त्याच एका गोष्टीवरून भांडायचं आणि दुपारी परत. किती वर्षं हे चाललं! मी एकटा जीव. खरं सांगायचं तर मला ते भांडण हवं होतं. ते मिटवायची मला मुळीच घाई नव्हती.

शेवटी यंदा तोच नमला. "हरलो म्हण उस्ताद. नजर चुकायला लागली. मॉनिटर फिरव, काय बी कर, पण नीट लावून दे." मी जिंकलो होतो. त्या जिंकण्याची चव घ्यायला म्हणून मी तीन रविवार मुद्दाम गेलो नाही. तीन रविवार... त्यातल्या एकाही रविवारी मला खरंच काम नव्हतं. दुकान बंद ठेवून मी खोलीत छताकडं बघत पडलो होतो.

दिवसकार्य आटोपल्यावर एका रविवारी सकाळी गेलो. बोलावलं कुणी नव्हतं. टेबलाशी सुमनवहिनी बसल्या होत्या. अर्धी राहिलेली एक आखणी त्या पुरी करत होत्या. एवढी वर्षं शेजारी बसून त्या हे काम शिकल्या हे मला माहीत होतं, पण पुढं त्याच चालवतील असं डोक्यात आलं नव्हतं. म्हटलं, "वहिनी, एक काम राहिलंय माझं. दोन मिनिटं उठता?" त्या उठल्या. मॉनिटर मी हलवले नाहीत. तो हरलो म्हणाला होता, पण हरायची पाळी माझी होती. सेटिंग उघडून त्या दोन चौकटींची अदलाबदल केली, बाण फिरवून बघितला. डावीकडं नेला की डावीकडं, उजवीकडं नेला की उजवीकडं. डोळ्यांत पाणी आलं, ते वहिनींना दिसू नये म्हणून उगाच वायरी चाचपत बसलो.

वहिनी परत खुर्चीत बसल्या. जुना नकाशा बघायला त्यांनी माऊस ढकलला आणि बाण भलतीकडंच गेला. पुन्हा ढकलला, पुन्हा तेच. हात थांबला. "भाऊजी," त्या हळू म्हणाल्या, "मला असंच शिकवलंय त्यांनी. माझा हात उलटाच जातोय. होतं तसं करून द्या."

करून दिलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. बाण पुन्हा चुकीच्या बाजूनं निघायला लागला आणि वहिनींची आखणी झरझर पुढं सरकली. चहा झाला. निघताना म्हटलं, "काही बिघडलं तर फोन करा."

"करीन की," त्या म्हणाल्या, "पण आता काय बिघडायचंय त्यात..."

बाहेर येऊन स्कूटरवर बसलो. अकरासुद्धा वाजले नव्हते. आख्खा रविवार पडला होता, आणि जायला दुसरं घर नव्हतं.